सात पाकिटं आणि जगाचा शेवट

३ फेब्रुवारी, मंगळवार

जगाचा शेवट येत्या चार पानांत होणार आहे आणि ताई म्हणते, आधी टॉवेल पिळून घे. या बाईला कशाचं म्हणून गांभीर्य नाही.

झालं असं की सकाळी हवामानवाले आले. टेकडीवरच्या वेधशाळेत असतात. वारा मोजतात, रोज संध्याकाळी एक भला मोठा फुगा आभाळात सोडतात आणि उद्या पाऊस पडणार की नाही ते कागदावर लिहितात. पन्नाशीचे, एकटेच, उंच, आणि बोलायला लागले की फक्त हवेबद्दल. दोन वर्षं आमच्या लॉन्ड्रीत कपडे टाकतायत. दर मंगळवारी देतात, शुक्रवारी नेतात. आज एक शर्ट दिला आणि त्यावर एक जाडजूड पुस्तक ठेवलं. म्हणाले, "धाकट्या बाई, परवा उपासनेनंतर तुम्ही म्हणालात ना, वाचायला काही नाही म्हणून. हे बघा. सात भाग आहेत."

कव्हरवर पेटलेली पृथ्वी, वर अंतराळयान, यानाच्या शेंड्याला क्रूस. मी म्हटलं, हे हो काय? तर म्हणे, "शेवटच्या दिवसांची गोष्ट आहे. विज्ञानही आहे, श्रद्धाही आहे. जरा भडक आहे."

जरा? अहो, पहिल्याच प्रकरणात निम्मी पृथ्वी गायब! जे खरे श्रद्धावंत ते बोलता बोलता वर उचलले गेले, आणि जागेवर राहिले फक्त कपडे. बाकीचे पापी बसले बोंबलत. मग सात शिक्क्यांची एक गुंडाळी सापडते, दर भागात एक शिक्का फुटतो आणि एक नवीन संकट येतं. मी टॉवेल पिळलेच नाहीत.

एक मात्र सांगते. लेखकानं आयुष्यात कधी कपडे धुतलेले नाहीत. माणूस गायब झाल्यावर शर्ट म्हणे "व्यवस्थित घडी होऊन" खुर्चीवर पडला! तीस वर्षं घड्या घालतेय मी. शर्ट असा पडत नाही, बोळा होऊन पडतो.

६ फेब्रुवारी, शुक्रवार

हवामानवाले शर्ट घेऊन गेले. त्याच्या खिशात एक चिठ्ठी निघाली होती, ती पाकिटात घालून, चिकटवून, दुकानाचा शिक्का मारून, वर पावतीचा नंबर टाकून शर्टाला टाचली होती.

ही आमच्या दुकानाची रीत. दुकान नवं होतं तेव्हा बाबांनी एका कोटाच्या खिशातली चिठ्ठी वाचली आणि भोळेपणानं त्या माणसाच्या बायकोला सांगून टाकलं, "अमक्या बाई तुमच्या यजमानांची बागेत वाट बघतायत." तीन घरांत भांडी फुटली. तेव्हापासून बाबांनी आम्हा दोघी बहिणींकडून शपथ घेतली: खिसा म्हणजे दुसऱ्याचं घर. दार उघडं दिसलं म्हणून आत डोकवायचं नाही. सापडेल ते न बघता पाकिटात, आणि ज्याचं त्याला परत. बाबा जाऊन बारा वर्षं झाली, पण मी अजून एक ओळ वाचलेली नाही. खिशात हात घालताना मी तोंडसुद्धा दुसरीकडे करते. ताई या सगळ्यामुळे मला टाचणी म्हणते.

हवामानवाल्यांनी पाकीट हातात घेतलं, मागून पुढून बघितलं आणि विचारलं, "बंद आहे?"

मी म्हटलं, "अगदी घट्ट! आमच्याकडे कुणी काही वाचत नाही, निर्धास्त असा."

त्यांचा चेहरा उतरला. पित्ताचा त्रास असावा.

१० फेब्रुवारी, मंगळवार

दुसरा भाग आला! पहिला मी चार दिवसांत संपवला, इस्त्री तापेपर्यंत दोन पानं, भिजवणं होईपर्यंत पाच पानं असं करत. आता जगावर एका महायंत्राचं राज्य आहे आणि ते प्रत्येकाच्या कपाळावर नंबर टाकतंय.

इथं मी पुस्तक मिटलंच. आपण काय करतो? न जाणाऱ्या शाईनं प्रत्येकाच्या कॉलरवर नंबर! मी ताईला म्हटलं, "आपण नेमक्या कुणाच्या बाजूनं आहोत गं?" ताई म्हणाली, "कॉलर आणि कपाळ यात मानेएवढं अंतर असतं. तो बादलीतला कोट काढ."

हवामानवाल्यांचा आजचा शर्ट मी धुवायला घेतला तर कॉलरला मळ नाही, बाह्यांना मळ नाही, वास साबणाचाच. आमच्याच साबणाचा. शुक्रवारी धुतलेला शर्ट न घालताच परत आणला की काय माणसानं? खिशात पुन्हा चिठ्ठी. विसरभोळे असतात हे विज्ञानवाले.

१८ फेब्रुवारी, बुधवार

तिसरा भाग अर्धा झाला आणि माझ्या अंगाचा नुसता तिळपापड होतोय. या गोष्टीत एक डॉक्टरीणबाई आहे. यानावर असते, हुशार आहे, दहा भाषा येतात. तिच्यावर त्या यानाच्या चालकाचा जीव जडलाय. तो बिचारा तिच्यासाठी ऑक्सिजन वाचवतो, स्वतःच्या वाटची भाकरी देतो, शनीच्या कड्यातून वाकडी वाट करून तिच्या खिडकीसमोरून यान नेतो, आणि ही बया म्हणते, "इंजिनात बिघाड दिसतोय!"

मी पुस्तक आपटलंच. म्हटलं, "अगं भवाने, काखेत कळसा आणि गावाला वळसा! खुणा डोळ्यांसमोर नाचतायत आणि तुला दिसत नाहीत?"

ताई इस्त्री करता करता थांबली. म्हणाली, "टाचणे, त्या बाईला शिव्या घालताना जरा आरसा समोर ठेव."

आरशाचा काय संबंध ते मला कळलं नाही. वेणी घातली होती मी.

२० फेब्रुवारी, शुक्रवार

आज पावतीपुस्तक सहाशे पासष्टवर आलं आणि मी पेन खाली ठेवलं. पुढचा नंबर सहाशे सहासष्ट, म्हणजे शेवटच्या दिवसांतल्या सैतानी पशूचा आकडा. आणि दारात उभे कोण? खुद्द पाळकसाहेब, हातात उपासनेचा झगा!

काय करू? पाळकांच्या कॉलरवर पशूचा आकडा घालू? मी सरळ "६६५ अ" लिहिलं. पाळकांनी पावती वाचली आणि विचारलं, "तिसरा भाग का?" मी मान हलवली. म्हणाले, "गोष्टी आहेत बाई, गोष्टींसारख्या वाचा. पण डॉक्टरीणबाई जरा मठ्ठच आहे, नाही?"

म्हणजे त्यांनीही वाचलंय! कुणाकडून घेतलं विचारलं तर म्हणाले, हवामानवाल्यांकडूनच, पण पाळकांना एकावेळी सगळे सात भाग मिळाले होते, पिशवीत घालून. मला मात्र दर आठवड्याला एकच. माझ्यावर भरवसा नसेल. इस्त्रीनं पान जळेल अशी भीती वाटत असणार.

हवामानवाले संध्याकाळी आले. तिसरं पाकीट दिलं. मी त्यांना डॉक्टरीणबाईची सगळी तक्रार सांगितली, हातवारे करून, मागे तीन गिऱ्हाइकं ताटकळत होती तरी. ते काउंटरला टेकून ऐकत होते आणि मधेच असे हसले की चष्मा काढून पुसावा लागला. दोन वर्षांत मी त्यांना हसताना पाहिलं नव्हतं. हसले की बरे दिसतात. मग विचारलं, "या चिठ्ठ्यांबद्दल... काही बोलायचं नाही ना तुम्हाला?"

मी म्हटलं, "छे हो! त्या तुमच्या खाजगी गोष्टी."

ते गेल्यावर ताई कपाळावर हात मारून आत गेली. माशी बसली असेल.

३ मार्च, मंगळवार

देवा, आजचा दिवस! लिहू की नको? लिहिते, हसू मात्र आवरत नाहीये.

सकाळी दोरा आणायला कोपऱ्यावर गेले होते. परत आले तर दार सताड उघडं, इस्त्री फुसफुसतेय, आणि काउंटरच्या मागे जमिनीवर ताईचा झगा, ताईचा ऍप्रन, ताईच्या चपला. त्यांत ताई नाही. आणि कपडे घडी होऊन नाही, बोळा होऊन पडलेले! अगदी खऱ्यासारखे!

झालं! घेऊन गेले! मग दुसऱ्याच क्षणी असा संताप आला म्हणून सांगू. ताईला आधी? जी दूधवाल्याशी दिवसाढवळ्या खोटं बोलते, उपासनेत डुलक्या घेते, तिला वर नेलं आणि मी, जिनं तीस वर्षांत एक चिठ्ठी वाचली नाही, ती इथं इस्त्रीपाशी?

रस्त्यावर धावले. पावाच्या दुकानात कुणी नाही. चपला दुरुस्त करणारा जागेवर नाही. रस्ता रिकामा! मी मोठमोठ्यानं "ताई, ताई" ओरडतेय आणि समोरून कोण येतंय? हवामानवाले. हातात पाचवा भाग आणि शर्ट. मी जाऊन त्यांची बाही दोन्ही हातांनी घट्ट धरली. म्हटलं, "तुम्ही आहात! तुम्हीपण राहिलात!"

ते म्हणाले, "मी आहेच की."

"मला वाटलं, एकटीच मागे राहिले."

त्यावर ते सावकाश म्हणाले, "तुम्ही इथं असताना मला कुणी वर नेलंच, तर मी अर्ज करून परत येईन." केवढा विनोदी माणूस! अशा वेळी!

तेवढ्यात दुकानातून ताईचा आवाज आला, "काय गं, कोण मेलं?" आणि ताई दारात. अंगावर पांढराशुभ्र लग्नाचा पायघोळ पोशाख! चार वर्षं कुणी न नेलेला, शेवटच्या खिळ्यावर टांगलेला. म्हणे, एकदा घालून बघावासा वाटला, आत आरशापुढे होते. वयाच्या सत्तावन्नाव्या वर्षी! पाठीच्या गुंड्या लागल्या नव्हत्या म्हणून तिनं मागून कपडे वाळवायचे चिमटे लावले होते. आम्ही तिघं रस्त्यात उभं राहून इतके हसलो की पाववालाही मागच्या भट्टीतून बाहेर आला.

हसून झाल्यावर लक्षात आलं की मी बाही सोडलीच नव्हती.

६ मार्च, शुक्रवार

मी बाही इतकी आवळली होती की चुरगळून पार वाट लागली होती. त्यांनी तो अंगावरचा शर्टही त्याच दिवशी उतरवून धुवायला पाठवला. मी खळ लावून दोनदा इस्त्री केली. एक सुरकुती ठेवली नाही. अभिमानानं दाखवली तर हवामानवाले बाहीकडे बघत राहिले. म्हणाले, "सगळ्या गेल्या?"

"एकूण एक!"

"छान," म्हणाले, पण तोंड लिंबू चावल्यासारखं.

पाचवं पाकीट दिलं. आजकाल मंगळवार-शुक्रवारी माझ्या छातीत सकाळपासून धडधडतं. पुस्तकांचा परिणाम. ताईला सांगितलं, तर म्हणाली, "हो, पुस्तकांचाच. म्हणून तू आज नवे कानातले घातलेस."

१० मार्च, मंगळवार

हवामानवाल्यांची बदली झाली. दूरच्या मोठ्या वेधशाळेत, वरच्या जागेवर. सहावा भाग काउंटरवर ठेवताना सांगितलं. "नाकारता येते," म्हणाले. "चोवीस तारखेला संध्याकाळी पाचपर्यंत कळवायचं. पण काही कारण असायला हवं." आणि माझ्याकडे बघत राहिले.

मी म्हटलं, "अहो, नाकारताय कसली? बढती आहे! जा की!" तोंडातून निघून गेलं. उचलली जीभ लावली टाळ्याला. पण चांगलंच बोलले ना? कुणाच्या भल्याच्या आड येऊ नये.

सहाव्या भागात समुद्र रक्ताचा होतो. मजा आली नाही.

२० मार्च, शुक्रवार

सातवं पाकीट दिलं. त्यांनी पाकीट खिशात घातलं आणि विचारलं, "मग जाऊ मी?"

मी म्हटलं, "अवश्य." वर एक हसूही दिलं. गिऱ्हाइकाला हसून निरोप द्यायचा, ही बाबांचीच शिकवण.

मग आत जाऊन भिजवलेल्या चादरींपाशी बसले आणि रडले. का ते माहीत नाही. साबणाची वाफ डोळ्यांत जाते कधी कधी.

२२ मार्च, रविवार

सातवा भाग समोर आहे. उघडवत नाही. हा संपला की पुढे काही नाही. दर मंगळवारी काय करायचं मग मी? कुणाला सांगायचं, डॉक्टरीणबाई किती मठ्ठ आहे ते?

ताई म्हणाली, "तू त्यांना थांबा का म्हणत नाहीस?" मी म्हटलं, "मी कोण सांगणार? मला काय ते विचारायला आलेत?" ताईनं माझ्याकडे असं पाहिलं, जसं मी पुस्तकातल्या त्या बाईकडे बघते.

२४ मार्च, मंगळवार

घाईघाईत लिहितेय, अक्षर वाकडंतिकडं येणार. येऊ दे.

दुपारी बँकेतून परत आले तर काउंटरवर कपड्यांचा ढीग. सात शर्ट, दोन विजारी, कोट, मोजेसुद्धा. सगळे त्यांचे. हवामानवाले नाहीत. माणूस गेला आणि कपडे राहिले! मी तिथंच स्टुलावर बसले.

ताई म्हणाली, "अगं, सामान बांधण्याआधी धुवायला टाकून गेले. खिसे तपासून घे."

"नंतर."

"आत्ता घे."

"मला बरं वाटत नाहीये."

"टाचणे," ताई ओरडली, "साडेतीन वाजलेत! खिसे तपास!"

खिशांसाठी एवढी आरडाओरड तिनं आयुष्यात कधी केली नव्हती. उठले. तोंड दुसरीकडे केलं, पहिल्या शर्टाच्या खिशात हात घातला. पाकीट. आमचंच, आमच्या शिक्क्याचं, माझ्या अक्षरातला नंबर. बंदच. दुसऱ्या शर्टात दुसरं. तिसऱ्यात तिसरं. सातच्या सात पाकिटं, जशी दिली तशी, एकही उघडलेलं नाही.

मला राग आला. एवढ्या काळजीनं मी चिकटवली आणि या माणसाला स्वतःच्या चिठ्ठ्या उघडून बघायलाही सवड झाली नाही?

मग सातवं पाकीट उलटं झालं. मागच्या बाजूला, आमच्याच न जाणाऱ्या शाईनं, त्यांच्या अक्षरात लिहिलं होतं: "दुकानाच्या नियमाप्रमाणे सापडलेली वस्तू मालकाला परत करावी. या साती वस्तू धाकट्या बाईंच्या आहेत."

मी ताईकडे पाहिलं. ताई हसून हसून जमिनीवर बसली होती. मघाशी कपडे टाकताना ते तिला म्हणाले होते, "सात वेळा लिहिलं, सात वेळा न वाचता परत आलं. नकार समजलो मी." तेव्हा तिनं त्यांना बाबांची शपथ सांगितली, आणि शाईची दौत पुढे केली. "मला वाटलं होतं, निदान यांच्या तरी तू चोरून वाचतेस आणि भाव खातेस," म्हणाली. "तू खरंच वाचत नव्हतीस? एवढी कशी गं तू गाढव!"

मी पहिला शिक्का फोडला.

"रविवारी आकाश निरभ्र राहील. संध्याकाळी फुगा सोडतो. बघायला याल का?"

दुसरा. "मागच्या रविवारीही निरभ्र होतं. या रविवारी थोडे ढग. फुगा तरी जातोच."

तिसरा. "शर्ट मळलेला नव्हता, हे तुमच्या लक्षात आलं असेल."

चौथा. "ही पुस्तकं मला फारशी आवडली नव्हती. तुम्ही सांगता तेव्हा आवडतात. म्हणून एकेक देतो."

पाचवा. "तुम्ही धरलेली बाही इस्त्री करू नका, अशी विनंती आहे."

इथं मी मोठ्यानं किंचाळले. दोनदा केली! खळ लावून!

सहावा. "बदलीचं पत्र आलंय. मला कारण हवंय, जायचं नव्हे, राहायचं."

सातवा. फक्त दोन शब्द. "जाऊ का?"

आणि मी काय म्हणाले होते? अवश्य! वर हसून! त्या डॉक्टरीणबाईचे मी पाय धरून माफी मागते. तिला निदान यानावरचे रोगी बघायचे होते, मला तर नुसतं पाकीट फोडायचं होतं.

घड्याळात चार वाजून दहा मिनिटं. ऍप्रनसकट निघाले. टेकडीचा रस्ता चढताना एक चप्पल तुटली, ती हातात घेतली. पाववाल्यानं विचारलं, "बाई, आता काय, जगाचा शेवट?" मी म्हटलं, "पाचला!"

वेधशाळेच्या मागच्या मोकळ्या जागेत ते फुग्याची दोरी धरून उभे होते. पांढरा फुगा, आमच्या दुकानाएवढा. मला धाप लागली होती. एका हातात चप्पल, एका हातात पाकिटं. शेवटी ओरडलेच, "जाऊ नका!"

त्यांनी पाकिटांकडे पाहिलं. सगळी फोडलेली. म्हणाले, "कारण लिहावं लागतं."

"लिहा की, सगळे कपडे लॉन्ड्रीत आहेत!"

त्यांनी फुग्याची दोरी माझ्या हातात दिली, चष्मा काढून पुसला, आत गेले आणि खरंच तसं लिहून पाठवलं. पाचला पाच मिनिटं कमी होती. परत आले तेव्हा मी दोन्ही हातांनी दोरी धरून उभी होते आणि फुगा मला ओढत होता, टाचा उचलल्या जात होत्या. ते म्हणाले, "सोडा आता." मी सोडली, आणि त्यांची बाही धरली.

फुगा गेला वर, लहान लहान होत, ढगांच्याही पलीकडे. आम्ही दोघं मागे राहिलो.